जुने सुती कपडे फेकू नका, वेगळे काढा



कतारच्या दोहा शहरात अल मन्सूरा नावाची वस्ती आहे. परदेशी नोकरदारांची कुटुंबं तिथे भाड्याच्या फ्लॅटांत राहतात. परतायची वेळ आली की बॅगेचं वजन ठरलेलं असतं, आणि मग प्रश्न येतो जुन्या कपड्यांचा. चांगले कपडे कोणालाही देता येतात. पण विरलेल्या चादरी, फाटके बनियन, आईची मऊ झालेली साडी, यांचं काय करायचं? आपल्या मुंबई-ठाण्याच्या घरांतही तेच आहे. कपाट आपण आवरलं नाही, तर मागाहून मुलं सगळं एका पोत्यात भरून कचऱ्यात देतील.

खरं तर सुती कापड शेवटपर्यंत कामाला येतं. मऊ साड्यांची गोधडी तर आपल्या आयाबायांनी नेहमीच शिवली. आता आणखी वाटा आहेत.

अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत सुरू केलेली ‘गूंज’ ही संस्था जुन्या सुती कापडापासून खेड्यातल्या बायकांसाठी मासिक पाळीचे पॅड तयार करते. पुण्याला १९४० पासून हातकागद संस्था आहे. तिथे सुती चिंध्या कुटून लगदा करतात, तो जाळीवर पसरून वाळवतात, आणि मजबूत कागद तयार होतो. त्यासाठी झाड तोडावं लागत नाही.

कापडाचं पुन्हा सूतही होतं. हरियाणातलं पानिपत या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. आधी बटणं, चेन काढतात आणि रंगाप्रमाणे ढीग लावतात, म्हणजे पुन्हा रंगवायची गरज फारशी उरत नाही. मग कापड कापून दातेरी यंत्रात पिंजतात. पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, म्हणून त्यात नवा कापूस किंवा पॉलिएस्टर घालून सूत काततात. त्याच्या सतरंज्या, पायपुसणी होतात.

यात मुख्य अडचण मिसळीची. तोरामध्ये लोकर आणि लिनन एकत्र असलेलं वस्त्र घालायला मनाई आहे, त्याला शाटनेझ म्हणतात. सुताला तो नियम लागू नाही. पण कारखान्यालाही मिसळ नकोच असते, कारण सूत आणि पॉलिएस्टर एकत्र विणलेले असले की वेगळे करणं कठीण.

ओळखायचं कसं? एक धागा काढून, चिमट्यात धरून, पाण्याच्या भांड्यावर जाळा. हे काम घरातल्या तरुण माणसाकडून करून घ्या. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते.

म्हणून पेसाहच्या साफसफाईत तीन ढीग करा: घालण्याजोगे कपडे, शुद्ध सुती चिंध्या आणि मिसळीचे कपडे. सगळे धुऊन, वाळवून ठेवा. मात्र जुना तल्लीत किंवा त्याची सिसिथ चिंध्यांत टाकू नका. सिनेगॉगमध्ये विचारून मानाने ठेवा.

ही शिकवण काही नवी नाही. मिश्नामध्ये लिहिलंय की यरुशलेमच्या मंदिरात सुक्कोथच्या उत्सवाला कोहेनांच्या जुन्या विजारी आणि कमरपट्टे फाडून दिव्यांच्या वाती करत. आपले पूर्वज तर कोकणातले शनवार तेली. तेलाला वात लागते, हे आपल्याला कोणी सांगायला नको!