धर्मगुरू होण्याआधीची पडताळणी

अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी जून 2002मध्ये डॅलस इथे बालसंरक्षणाची सनद स्वीकारली. तिच्या कक्षेत सेमिनरीचे, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शिक्षणसंस्थेचे, विद्यार्थीही येतात.

● कारण : जॉन जे कॉलेजच्या 2004च्या अहवालानुसार 1950 ते 2002 या काळात 4,392 धर्मगुरूंवर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले.

● प्रवेशापूर्वी : गुन्हेगारी नोंदींची तपासणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि शिफारसपत्रं. उमेदवार आधी दुसऱ्या सेमिनरीत असेल, तर तिथून माहिती मागवली जाते.

● मर्यादांचं प्रशिक्षण : बंद खोलीत मुलाला एकटं भेटू नये, खासगी मेसेज पाठवू नयेत, ‘घरी सांगू नकोस’ असं कधीही म्हणू नये आणि सहकाऱ्याचं वागणं खटकलं तर गप्प बसू नये.

● उणीव : ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच झाली नाही, तो पोलिसांच्या नोंदीत सापडत नाही. म्हणून शिक्षणाच्या प्रत्येक वर्षी शिक्षकांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं. संशयाचा फायदा उमेदवाराला नव्हे, मुलांना मिळाला पाहिजे.

● भारतात : मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या 2012च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19नुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं प्रत्येकाला बंधनकारक आहे; धर्मसंस्थांनाही त्यातून सूट नाही.