कटिंग व्हील भराभर संपतंय? आधी हात बघा

चार इंची ग्राइंडरवरचं 1 मिमी व्हील लगेच झिजतं म्हणून कंपनीला नावं ठेवू नका. मशीनचा आवाज बसला की समजा, दाब जास्त झालाय. फेरे उतरले की व्हीलचे दाणे कापायचं सोडून उखडतात. आवाज चढाच ठेवा, हात हलका मागेपुढे.

चौकोनी पाइप एका दमात आरपार नको. फिरवत एकेक बाजू कापा. पाइपचा पत्रा दोन मिलिमीटरचा असेल तर व्हीलसमोर कायम तेवढाच राहतो. पट्टी आडवी नाही, उभ्या कडेवर. सुटणारा तुकडा मोकळा लोंबू द्या, नाहीतर फट आवळते, व्हील अडकून फुटतं. (गार्ड काढणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, लांब उभा राहतो.)

ओल लागलेलं व्हील फेका. मधल्या धातूच्या रिंगवर मुदतीचा महिना-वर्ष छापलेलं असतं, विकत घेतानाच वाचा.