सीवेज आणि सीवरेज : दोन शब्दांतील फरक

पर्यावरण अभियांत्रिकीच्या उत्तरपत्रिकांत हमखास आढळणारी एक चूक म्हणजे 'सीवेज' आणि 'सीवरेज' हे शब्द एकमेकांच्या जागी लिहिणे. फरक एका 'र'चा आहे, पण अर्थ वेगळे आहेत.

सीवेज म्हणजे सांडपाणी. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालयातून बाहेर पडणारे पाणी. ते दशलक्ष लिटर प्रतिदिन, म्हणजे एमएलडीमध्ये मोजतात.

सीवरेज म्हणजे ते पाणी वाहून नेणारी व्यवस्था. घरजोडण्या, मलवाहिन्या, मॅनहोल व पंपिंग स्टेशन हे तिचे भाग. आपण जिला 'भुयारी गटार योजना' म्हणतो, ती हीच. येथे लांबी, व्यास व उतार मोजतात.

गणित : लोकसंख्या १ लाख, दरडोई पाणीपुरवठा रोज १३५ लिटर. त्यातील ८०% पाणी सांडपाणी होते असे धरले, तर
१,००,००० × १३५ × ०.८ = १०.८ एमएलडी.
हे उत्तर सीवेजचे आहे. ते वाहून नेण्यासाठी कोणत्या व्यासाची वाहिनी कोणत्या उतारावर टाकायची, हा प्रश्न सीवरेजचा.

उदाहरण : पंचगंगा घाट, वाराणसी
येथे पाच नद्यांचा संगम मानतात. डोळ्यांना दिसते ती फक्त गंगा. कार्तिकस्नानासाठी या घाटावर मोठी गर्दी होते. १९८६ साली गंगा कृती योजना याच शहरातून सुरू झाली आणि वरुणेपलीकडे दीनापूर येथे ८० एमएलडीचा शुद्धीकरण प्रकल्प उभा राहिला. २०१८ मध्ये तेथे १४० एमएलडीचा आणखी एक प्रकल्प सुरू झाला. पण घाटालगतचे सांडपाणी आधी पंपांनी वर उचलावे लागते, तेव्हाच ते शुद्धीकरणापर्यंत पोहोचते. वीज गेली, पंप थांबले किंवा घर वाहिनीला जोडलेलेच नसले, तर तेच पाणी नाल्यातून नदीत उतरते. अशा वेळी प्रकल्पाची क्षमता असूनही उपयोग होत नाही. उणीव सीवरेजमध्ये असते, त्रास स्नान करणाऱ्यांना होतो. कोल्हापूरच्या पंचगंगेत मिसळणाऱ्या जयंती नाल्याचा प्रश्नही याच जातीचा आहे.

लक्षात ठेवा : 'सीवरेज' या शब्दात 'सीवर', म्हणजे मलवाहिनी, पूर्ण दिसते. म्हणून तो वाहिन्यांचा शब्द. शुद्धीकरण पाण्याचे होते, वाहिन्यांचे नाही. म्हणून 'सीवेज ट्रीटमेंट प्लांट' लिहावे, 'सीवरेज ट्रीटमेंट प्लांट' नव्हे.

स्वाध्याय : आपल्या गावातील सांडपाणी कोठे जाते ते शोधा. अडचण सीवेजच्या शुद्धीकरणाची आहे की सीवरेजची, ते कारणांसह लिहा.