स्थलांतरापूर्वीची मोजदाद

व्यापारी कुटुंबाला स्थलांतर नवे नाही. बाजारपेठ जिकडे नेते, तिकडे बिऱ्हाड जाते. सांगली आणि तमिळनाडूतील इरोड ही दोन्ही गावे हळदीच्या पेठांसाठी प्रसिद्ध आहेत. सांगलीच्या एखाद्या कुटुंबाने इरोडला कायमचे जायचे ठरविले, तर बेळगाव, हुबळी, बंगळूरु, सेलम अशा मार्गाने तीन राज्यांतून संसार न्यावा लागतो. अशा वेळी पहिला प्रश्न वाहनाचा नसतो. न्यायचे किती, हा असतो.

श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील शेवटचे व्रत परिग्रह-परिमाणाचे आहे. नांदत्या घरात वस्तूंची मोजदाद सहसा होत नाही. माळ्यावरची भांडी खाली उतरली की आपण किती साठविले, हे प्रथमच दिसते. म्हणून निघण्यापूर्वी दीड-दोन महिने आधी वहीत यादी करावी आणि न्यायचे, द्यायचे, विकायचे असे तीन भाग पाडावेत. न्यायच्या वस्तूंपुढे किंमत लिहावी. हीच यादी वाहतुकीच्या विम्यासाठी उपयोगी पडते. धान्य व मसाले आधीच संपवीत आणावेत, म्हणजे वाटेत जीवोत्पत्ती होऊन हिंसा घडणार नाही. पाणी गाळण्याचे गाळणे मात्र हातातल्या पिशवीत असावे.

घरी जिनप्रतिमा असेल, तर ती हलविण्यापूर्वी जाणकारांचे मार्गदर्शन घ्यावे. ग्रंथ वेष्टनात बांधून सोबत न्यावेत. ते ट्रकमधील सामानात टाकू नयेत.

सरकारी कामांत व्यापाऱ्याने एक पथ्य कसोशीने पाळावे. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलाची आवश्यकता नसते. परंतु ही सवलत विक्रीच्या मालाला नाही. म्हणून दोहोंची सरमिसळ करू नये. जीएसटीची नोंदणी राज्यनिहाय असल्याने इरोडच्या पेढीसाठी तमिळनाडूत स्वतंत्र नोंदणी करावी लागते. बारा महिन्यांहून अधिक काळ परराज्यात राहणाऱ्या वाहनाची तेथे फेरनोंदणी करावी लागते व त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. गॅसची टाकी व रेग्युलेटर परत करून पावती घ्यावी. तमिळनाडूत २००६ च्या कायद्याने शाळांत दहावीपर्यंत तमिळ अनिवार्य झाली आहे. तेव्हा वरच्या इयत्तेतील मुलांसाठीचे नियम प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावेत.

जुन्या गावातील घेणे-देणे ३१ मार्चच्या हिशेबाबरोबर पुरे केलेले उत्तम. घेणे वसूल झाले नाही, तर नुकसान पैशाचे होते. देणे राहिले, तर नुकसान पतीचे होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजाऱ्यांची व ग्राहकांची क्षमा मागूनच गाव सोडावे.

सर्वांत अवघड मोजदाद घरातील वृद्धांची. त्यांच्या जुन्या पेटीतील लुगडे किंवा जपमाळ इतरांना अडगळ वाटेल. परंतु परिग्रहाची मर्यादा ज्याची त्याने घालायची असते. तरुणांनी आजीच्या पेटीवर व्रत लादले, तर तो त्याग नव्हे, सक्ती होय. त्या पेटीतले काय ठेवायचे, हे आजीनेच ठरवावे. शक्य असल्यास वडीलधाऱ्यांना आधी एकदा इरोडला नेऊन आणावे. त्याच जिल्ह्यात विजयमंगलम येथे चंद्रप्रभ भगवंतांचे प्राचीन मंदिर आहे. परक्या भाषेच्या प्रदेशातही आपल्या धर्माची मुळे इतकी जुनी आहेत, हे तेथे प्रत्यक्ष पाहिल्यावर गाव सोडण्याचे दुःख थोडे हलके होते.