सुट्टीचा सातबारा

गेल्या आखाजीच्या सुमारास आमचा एक माजी विद्यार्थी सपत्नीक आमच्या घरी आला. पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका रंगाई-छपाईच्या मिलमध्ये तो आज पर्यवेक्षक आहे. वडील खानदेशातून येथे आले तेव्हा यंत्रमागावर उभे राहिले; मुलाने स्वतःचे दोन खोल्यांचे घर केले. चहा झाल्यावर त्याने पिशवीतून एक गुळगुळीत कागदांची जाड फाइल काढली आणि हलक्या आवाजात विचारले, “गुरुजी, हे घेतले ते बरे केले की फसलो?”

हकीकत अशी. ‘आपले नाव सोडतीत निघाले आहे, पतिपत्नी दोघांनी येऊन भेटवस्तू घेऊन जावी,’ असा दूरध्वनी आला. शहरातील एका मोठ्या हॉटेलात तीन तास त्यांचा पाहुणचार झाला. समुद्राची, डोंगरांची चित्रे दाखविण्यात आली. पंचवीस वर्षे दरवर्षी सात दिवस कोठेही राहा, एकदाच पैसे भरा, पण सवलत मात्र आजच्या दिवसापुरतीच! भेटवस्तू म्हणून कपबशांचा संच हाती आला आणि कार्डावरून चाळीस हजार रुपये गेले. उरलेले साडेतीन लाखांहून अधिक हप्त्यांनी फेडायचे होते. मुलीच्या पदविका अभ्यासक्रमाची फी जूनमध्ये भरायची होती. आवळा देऊन कोहळा काढणे आम्ही वर्गात शिकवितो. येथे ते प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

अशी फाइल आज आपल्या पुष्कळ घरांत येऊ शकते, म्हणून हा विषय वाचकांपुढे मांडीत आहोत.

टाइमशेअर ही कल्पना मुळात लबाडीची नाही. 1960 नंतरच्या दशकात ती युरोपात रुजली. स्वित्झर्लंडमधील हापिमाग ही संस्था 1963 सालची. एका कुटुंबाला सुट्टीचे घर परवडत नाही, तेव्हा अनेकांनी मिळून ते घ्यावे आणि वर्षातील आठवडे वाटून घ्यावेत, हा त्यातील विचार. आपल्याकडे 1986 मध्ये स्टर्लिंग आणि 1996 मध्ये महिंद्र या कंपन्या या व्यवसायात उतरल्या. ज्यांना पगारी रजा आहे, जे दरवर्षी हमखास प्रवासाला जातात आणि महिनोन्‌महिने आधी खोली राखून ठेवू शकतात, अशी कुटुंबे या सभासदत्वाचा चांगला उपभोग घेतात. ते नाकारण्याचे कारण नाही.

परंतु विकत काय घेतले जाते, हे नीट समजून घेतले पाहिजे. शेत घेतले तर सातबाऱ्यावर नाव चढते, घर घेतले तर दस्त नोंदविला जातो. येथे सामान्यतः हाती येतो तो ठराविक वर्षांसाठी, ठराविक अटींवर राहण्याचा हक्क. विटेवर मालकी नाही, जमिनीवर नाही. मुदत संपली की हक्क संपला. म्हणजे ही मालमत्ता नव्हे आणि गुंतवणूकही नव्हे. पंचवीस वर्षांचे खोलीभाडे आगाऊ भरणे एवढाच याचा अर्थ.

आता हिशेब पाहू. समजा, सभासदत्व चार लाखांचे आणि वार्षिक देखभालशुल्क पंधरा हजार रुपये. विक्रेता चार लाखांना पंचवीस वर्षांनी आणि सात रात्रींनी भागून सांगतो की, एक रात्र अवघ्या 2,285 रुपयांत पडली. तीस वर्षे फळ्यावर व्याजाची गणिते सोडविणाऱ्या आमच्यासारख्याला हा भागाकार अपुरा वाटतो. तेच चार लाख सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला 28,000 रुपये व्याज आले असते. त्यात देखभालशुल्क मिळविले की होतात 43,000. सात रात्रींनी भागले की एक रात्र 6,100 रुपयांच्या वर जाते. शिवाय ठेवीचे मुद्दल शेवटी परत येते, येथील मुद्दल येत नाही. देखभालशुल्क वाढत जाते ते वेगळे; आणि एखादे वर्ष गेलो नाही तरी ते भरावेच लागते. प्रवासभाडे व जेवण यांचा तर यात विचारच नाही.

दुसरी गोष्ट रजेची. या योजनांत ऋतूंना रंग दिलेले असतात आणि दिवाळी, नाताळ, मे महिना हे सर्वांत महागड्या रंगात येतात. स्वस्त रंग घेतला तर सुट्टी मिळते ती मुलांची शाळा चालू असताना. आपल्या मिलमधील माणसाला मोकळीक मिळते ती दिवाळीच्या बंदमध्ये. एरवी चार दिवस गेला तर खाडा पडतो. त्या दिवाळीत तो उधन्याहून जळगावकडे जाणारी गाडी पकडून गावी जातो. गावी म्हातारे आईवडील वाट पाहत असतात, श्रावणात कानबाई असते, आखाजीला लेकी माहेरी येतात. ही बोलावणी चुकवून पंचवीस वर्षे दरसाल डोंगरावर जाऊ, असे आपल्यापैकी किती जण छातीवर हात ठेवून म्हणतील?

याहून मोठा धोका तेव्हा उद्भवतो, जेव्हा सुट्टीच्या नावाखाली परताव्याचे आमिष दाखविले जाते. महाराष्ट्रातील पॅनकार्ड क्लब्जचे उदाहरण अनेक वाचकांच्या आप्तांनी सोसले असेल. हॉटेलातील खोल्यांच्या रात्री आगाऊ विकत घ्या, राहिला नाहीत तर मुदतीअखेर वाढीव रक्कम घ्या, अशी ती योजना होती. सेबी या बाजारनियंत्रक मंडळाने 31 जुलै 2014 रोजी ती रोखली. नोंदणीविना चालविलेली ही सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचा निष्कर्ष काढून 29 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पैसे परत करण्यास सांगितले. रक्कम होती 7,035 कोटी रुपये आणि गुंतवणूकदार होते एक्कावन्न लाखांवर! आदेश निघाला म्हणून पैसा हातात पडला नाही. मालमत्तांचे लिलाव झाले आणि सामान्य माणसांच्या वाट्याला वर्षानुवर्षांची प्रतीक्षा आली. तेव्हा ‘राहा किंवा वाढवून घ्या’ हे शब्द ऐकताच उठून चालू लागावे. असा परतावा देऊ करणाऱ्याजवळ सेबीची नोंदणी आहे काय, एवढे विचारले तरी पुष्कळ गोष्टी उघड होतात.

युरोपीय संघात असा करार केल्यावर चौदा दिवसांच्या आत कारण न देता तो मोडण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. करारात जे लिहिले असेल त्यावर प्रथम विसंबावे लागते. म्हणून सही करण्यापूर्वी कागद एक रात्र घरी आणावेत. जी सवलत रात्रभर थांबत नाही, ती आपल्या हिताची नाही असे खुशाल समजावे. तोंडी आश्वासन लेखी मागावे. शुल्कवाढीची मर्यादा, हक्क विकण्याची सोय आणि माघारीची मुदत ही तीन कलमे शोधून वाचावीत.

आमच्या विद्यार्थ्याच्या करारात बारीक अक्षरांत दहा दिवसांची माघार होती. तो सहाव्या दिवशी आला, हे त्याचे सुदैव. आम्ही तिघांनी बसून अर्ज लिहिला, तो स्पीड पोस्टाने धाडला, पोच जपून ठेवली आणि बँकेलाही हप्ते थांबविण्याविषयी लेखी कळविले. हप्ते थांबले. चाळीस हजारांचे उत्तर अद्याप नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यातच गुदरता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक दूरध्वनीवरही दाद मागता येते. त्याप्रमाणे कागद तयार होत आहेत.

मुलीची फी वेळेवर भरली गेली. मे महिन्यात चौघेही सापुताऱ्यास दोन रात्री राहिले आणि तेथून गावी गेले. खर्च झाला तेवढा रोख दिला. पुढच्या वर्षाचे देणे मागे राहिले नाही. कपबशांचा तो संच मात्र त्याच्या पत्नीने अजून वापरावयास काढलेला नाही.