घराला कुलूप, गल्लीला डोळे: घरफोडी टाळण्यासाठी आपण काय करू शकतो?

रमजानमध्ये इशाची जमात किती वाजता उभी राहते आणि तरावीह किती वाजता संपते, हे मोहल्ल्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. मशिदीच्या फळ्यावर तसा तक्ताच लावलेला असतो. निकाहच्या पत्रिकेत तारीख, वेळ, हॉलचं नाव आणि खाली घरचा पत्ता छापलेला असतो. हज-उमराला निघालेल्यांना शुभेच्छा देणारे बॅनर चौकात झळकतात. यात गैर काहीच नाही. आनंदाची गोष्ट चार माणसांना सांगायचीच असते. पण घरफोडी करणाऱ्याला सगळ्यात आधी एकच माहिती हवी असते: घर रिकामं कधी असणार? ती माहिती आपणच त्याच्या हातात देतो.

घरफोड्याला घरात माणूस नको असतो. त्याला वाद नको, आरडाओरडा नको. म्हणून तो आधी एक-दोनदा गल्लीतून फिरून जातो, पोलिसांच्या भाषेत रेकी करतो, आणि मग सोपं घर निवडतो. आपलं घर सोपं दिसू नये, यासाठी काय करता येईल ते या लेखात पाहू. तवक्कुल करायचाच, पण कडी लावल्यानंतर.

घर बंद आहे हे कशावरून कळतं?

बाहेरून लोंबणारं मोठं कुलूप ही पहिली खूण. दारात साचलेली वर्तमानपत्रं, दुधाच्या पिशव्या, दोरीवर दोन दिवस तसेच राहिलेले कपडे, या पुढच्या खुणा. कोकणात तर अंगणच सगळं सांगतं. रायगड-रत्नागिरीकडच्या आपल्या कितीतरी घरांतली माणसं नोकरीनिमित्त आखातात किंवा मुंबईत असतात. अंगणात पालापाचोळा साठला, पायवाटेवर गवत उगवलं, की घर महिनोन्‌महिने बंद आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतं. गावातल्या कुणाला तरी सांगून आठवड्यातून एकदा अंगण झाडून घेणं आणि खिडक्या उघडून घर हवेशीर करणं, हा सगळ्यात स्वस्त पहारा आहे.

दिवा लावून जाण्याची पद्धत जुनी आहे. पण दिवसरात्र जळणारा बल्ब उलट चुगली करतो. भर दुपारी अंगणातला दिवा चालू दिसला, की घरात कुणी नाही हे नक्की होतं. अंधार पडल्यावर आपोआप लागणारा आणि उजाडल्यावर विझणारा सेन्सरचा बल्ब इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळतो. तो लावावा.

आणि मोबाइल. विमानतळावरून निघतानाच स्टेटस टाकण्याची घाई नको. हजला जाणारं कुटुंब साधारण चाळीस दिवस बाहेर असतं, उमराला पंधरा दिवस. फोटो परतल्यावरही टाकता येतात. दुआसाठी ज्यांना कळवायचं, त्यांना फोन करून कळवावं.

कुलूप नाही, कोयंडा तुटतो

घरफोडीच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘कडी-कोयंडा तोडून घरात प्रवेश केला.’ नीट पाहिलं तर यात कुलूप फोडल्याचा उल्लेखच नाही. आपण हजार रुपयांचं कुलूप आणतो आणि ते दोन छोट्या स्क्रूंवर बसवलेल्या कोयंड्यात अडकवतो. पहार किंवा मोठा स्क्रू-ड्रायव्हर घातला, की स्क्रू लाकडासकट बाहेर येतात आणि कुलूप तसंच शाबूत राहतं. म्हणून:

- कोयंडा स्क्रूवर नको. दाराच्या आरपार जाणारा बोल्ट टाकून आतून नट लावून घ्या. सुताराचं तासाभराचं काम आहे.
- शक्य असेल तर दारातच बसणारं कुलूप लावा. त्याची दांडी चौकटीत शिरते आणि घर बंद आहे की कुणी आत आहे, हे बाहेरून कळत नाही.
- चौकट वाळवीने खाल्लेली असेल, तर कोणतंही कुलूप उपयोगाचं नाही. आधी चौकट बघा.
- पुढच्या दाराला लोखंडी जाळीचं दार आणि मागच्या दाराला नुसती कडी, असं अनेक घरांत असतं. चोर मागूनच येतो. पडवीचं दार, स्वयंपाकघराची खिडकी, संडास-बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांची झडप, आणि कौलारू घर असेल तर छप्परसुद्धा तपासा. कौलं सरकवून आत उतरण्याची युक्ती जुनी आहे. माळ्याखाली जाळी असेल, तर ती चालत नाही.
- चपलांच्या कपाटात, मीटरच्या पेटीत, कुंडीखाली किल्ली ठेवू नका. भाडेकरू बदलला की कुलूपही बदला.

कॅमेरा लावला असेल, तर चित्रण साठवणारं यंत्र टीव्हीशेजारी उघड्यावर ठेवू नका. जाताना चोर तेही घेऊन जातो. ते वेगळ्या खोलीत, नजरेस न पडणाऱ्या जागी ठेवा आणि कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. कॅमेऱ्याचं तोंड आपल्या दारावर असावं, शेजाऱ्याच्या घरात नको.

दागिने घरात किती?

लग्नासाठी वर्षानुवर्षं थोडं थोडं करून जमवलेलं सोनं अनेक घरांत पत्र्याच्या कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली त्याच खोलीत गादीखाली. कपाटाचा आतला लॉकर हा आडोसा आहे, तिजोरी नव्हे. रोज लागणारे दोन-चार दागिने सोडून बाकीचे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणं बरं.

बँक म्हटलं की आपल्याकडे काही जण व्याजाच्या विचाराने मागे सरतात. लॉकरमध्ये व्याजाचा संबंध येत नाही. आपण जागेचं भाडं देतो, बँक आपल्याला काही देत नाही. मात्र एक मर्यादा माहीत असावी. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणं किंवा बँक कर्मचाऱ्याची फसवणूक यामुळे लॉकरमधल्या वस्तू गेल्या, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते. भाडं २,००० रुपये असेल तर जास्तीत जास्त दोन लाख.

दागिने कुठेही असोत, त्यांची नोंद ठेवा. प्रत्येक दागिन्याचा फोटो, वजन आणि पावती. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. तो वहीत उतरवून ठेवा. ‘बांगड्या गेल्या’ एवढं सांगण्यापेक्षा वजन, नक्षी आणि क्रमांक सांगितला, तर सापडलेल्या मालातून आपला दागिना ओळखता येतो. मोबाइलचा आयएमईआय क्रमांकही लिहून ठेवा. *#०६# दाबलं की तो दिसतो. पासपोर्ट, व्हिसा, घराची कागदपत्रं यांच्या प्रती परगावच्या एखाद्या नातेवाइकाकडे असू द्या.

दारावर येणारे

चोर प्रत्येक वेळी कुलूप तोडत नाही. कधी दार आपणच उघडतो. दुपारी घरात फक्त बाई किंवा म्हातारी माणसं असताना ‘दागिने पॉलिश करून देतो’ म्हणत दोघे येतात. आधी तांब्या-पितळेचं भांडं फुकट चकाचक करून विश्वास मिळवतात आणि मग सोन्याच्या बांगड्या मागतात. दुसरा प्रकार तोतया पोलिसांचा. ‘पुढे खून झालाय, तपासणी चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधा’ असं सांगतात, बांधायला मदत करतात आणि पुडी बदलतात. खरा पोलीस रस्त्यात कुणालाही दागिने काढून बांधायला सांगत नाही. घरातल्या बुजुर्गांना हे एकदा नाही, चार वेळा सांगा. अनोळखी माणसाशी दाराची साखळी लावूनच बोलायचं. पाणी मागितलं तरी जाळीतूनच द्यायचं.

शेजार हाच खरा पहारा

घरफोडीच्या आधी चोर कधी कधी एक छोटीशी गोष्ट करतात: शेजारच्या घरांना बाहेरून कड्या घालतात. शेजारी जागा झाला तर धावून येईल, याची भीती त्यांना असते म्हणून. शेजाऱ्याची किंमत आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळते, असंच म्हणायला हवं.

शेजाऱ्याच्या हक्कावर खुतबे आपण ऐकतो. त्या हक्काचा एक साधा अर्थ म्हणजे त्याच्या बंद घराकडे लक्ष ठेवणं. मग तो कोणत्याही धर्माचा असो. तरावीहच्या वेळी गल्लीतली जवळजवळ सगळी घरं एकदम रिकामी होतात. तेव्हा प्रत्येक गल्लीतून रोज दोघांनी पाळीपाळीने मागे राहावं आणि त्यांनी घरी तरावीह पढावी. पाळीचा तक्ता मशिदीच्या कमिटीने केला, तर कुणा एकावर भार पडत नाही. आपल्या ईदला शेजारच्या हिंदू कुटुंबाने आपल्या घराकडे बघावं, त्यांच्या गणपतीत-दिवाळीत आपण त्यांच्या घराकडे. अनेक गावांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे; जिथे तुटलं असेल तिथे पुन्हा जोडायला हवं.

बाहेरगावी जाताना शेजाऱ्याला परतीची तारीख आणि आपला नंबर द्या. शहरात बीट अंमलदाराचा आणि गावात पोलीस पाटलाचा नंबर प्रत्येक घरात असावा. तातडीची मदत लागली तर ११२.

मोहल्ला आणि पोलीस यांच्यात ओळख असली की काय होतं, हे भिवंडीने दाखवलं आहे. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर, त्या दशकाच्या अखेरीस पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि पोलीस यांना एकत्र बसवणाऱ्या मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. दंगलीच्या काळात कामी आलेली ही ओळख चोरीच्या तपासातही कामी येते. संकट आल्यावर पहिल्यांदा पोलीस ठाण्याची पायरी चढणारा माणूस बिचकतो. आधीपासून ओळख असलेला बिचकत नाही.

पहारा हवा, जमाव नको

इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्टपणे सांगायची आहे. चोराच्या भीतीने अनेक गावांत रात्रीची गस्त सुरू होते आणि व्हॉट्सॲपवर ‘टोळी आली आहे’ असे मेसेज फिरू लागतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. १६ एप्रिल २०२० रोजी पालघरमधल्या गडचिंचले इथे चोरांच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. त्यातला एकही माणूस चोर नव्हता.

नाव, दाढी किंवा पेहराव बघून संशय घेतला जातो तेव्हा काय वाटतं, हे भाड्याचं घर शोधताना आपल्यातल्या अनेकांनी अनुभवलं आहे. मग फेरीवाला, भटका किंवा परप्रांतीय कामगार आपल्या गल्लीत आला, की त्याच संशयाने आपण त्याच्याकडे बघायचं का? नजर वागण्यावर ठेवावी, माणसाच्या जातीवर-भाषेवर नाही. रात्री दोन वाजता कुणी बंद घराच्या मागे फिरत असेल तर ते संशयास्पद आहे. दिवसा चादरी विकणारा नाही.

कायदाही हेच सांगतो. डोळ्यांदेखत घरफोडी करणाऱ्याला सामान्य नागरिक पकडू शकतो, पण विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मारण्याचा अधिकार कुणालाही नाही. पाच किंवा अधिक जणांनी जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून मिळून खून केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) नुसार त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. गस्तीवरच्या मुलांना शिट्टी, टॉर्च आणि फोन द्या. काठी दिली तरी ती टेकण्यापुरतीच.

चोरी झालीच तर

दार फोडलेलं दिसलं तर आत शिरू नका. चोर अजून आत असू शकतो. ११२ ला फोन करा. पोलीस येईपर्यंत कपाट, कडी, खिडकी कशालाही हात लावू नका. घर आवरायला घेतलं, की ठसे पुसले जातात.

तक्रार देताना गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरा. नुसत्या अर्जावर किंवा ‘गहाळ’ झाल्याच्या दाखल्यावर परत येऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत घरातल्या चोरीला कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीसाठी केलेल्या घरफोडीला कलम ३३१ खाली दिवसा दहा आणि रात्री चौदा वर्षांपर्यंत. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ऑनलाइन तक्रार दिली असेल, तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. पोलीस ठाण्यात गुन्हा घेतला नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं; तरीही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

मोबाइल गेला असेल तर सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तो बंद करता येतो. सोनं सापडलं, तर खटला संपेपर्यंत थांबायची गरज नसते. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलं आहे की पंचनामा करून, फोटो काढून आणि हमीपत्र घेऊन दागिने मालकाला लवकर परत द्यावेत. त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि तिथे आपल्या पावत्या, फोटो कामी येतात.

येत्या जुम्यानंतर प्रत्येक घराने तीन कामं करावीत, एवढंच आमचं सांगणं आहे. दाराचा कोयंडा आतून बघा. दागिन्यांचे फोटो काढा. आणि ज्या शेजाऱ्याचा नंबर आपल्याकडे नाही, त्याच्याकडे जाऊन तो घ्या. पहिली दोन कामं करायला तासभर पुरे; तिसऱ्याला कदाचित एक चहाही लागेल.