तळ्यातला कागद जातो कुठे?

परभणी-जिंतूर रस्त्यावर बोरी लागतं. आजूबाजूला कापूस, सोयाबीन, तूर. आणि या रानात मधूनच एखादं चौकोनी शेततळं. चहूबाजूंनी मातीचा भराव, आत उतरत्या भिंती, त्या भिंतींवर अंथरलेला प्लास्टिकचा काळा कागद. ऊन पडलं की असा चमकतो, की डोळे बारीक करावे लागतात.

कागद कशाला? तर पाणी मुरू नये म्हणून. काळी माती वरवर पाणी धरते खरी, पण खाली मुरूम लागला की पाणी झिरपून जातं. मराठवाड्यात पाण्याचा थेंब वाया घालवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून तळ्याला कागद लावायचा, पावसाळ्यात भरून घ्यायचं आणि पिकाला जपून द्यायचं. आता एवढं पाणी साठलंच आहे, तर त्यात मासे का सोडू नयेत? मग येतं मत्स्यबीज, म्हणजे कटला, रोहू, मृगळ यांची बोटाएवढी पिल्लं. बोटुकली म्हणतात त्यांना. त्यांच्यासाठी खाद्य येतं, जाळी येते, दोर येतात, पाण्यात हवा सोडायची नळी येते. काही जण कागदावर तळाशी मातीचा थरही देतात.

चला, जरा हिशोब करू. तळं 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल आहे असं समजा. तळ आणि उतरत्या भिंती धरून हजार चौरस मीटर कागद सहज लागतो. जाडी 500 मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर. हजार चौरस मीटर गुणिले अर्धा मिलिमीटर, झालं अर्धा घनमीटर प्लास्टिक. वजन? साधारण पावणेपाचशे किलो! एका तळ्यात जवळजवळ पाच क्विंटल प्लास्टिक अंथरलेलं असतं, आणि तळं भरलं की काठावरची पट्टी सोडून त्यातलं काहीच दिसत नाही.

गंमत पुढेच आहे. हा कागद कायमचा टिकत नाही. पण तो कुजतही नाही. मग होतं काय त्याचं?

उन्हाळ्यात अंगणात पडून राहिलेली जुनी प्लास्टिकची बादली उचलून बघितलीय कधी? कडी हातात येते आणि बादली जागेवरच राहते! काठावर बोट घासलं तर पांढरी भुकटीही निघते. हे सूर्याचं काम. प्लास्टिक म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. उन्हातले अतिनील किरण या साखळ्या तोडतात, हवेतला ऑक्सिजन तुटलेल्या टोकांना चिकटतो आणि लवचीक प्लास्टिक ठिसूळ होतं. शेततळ्याचा कागद काळा का, याचं उत्तर यातच आहे. त्यात काजळीसारखा बारीक कार्बन मिसळलेला असतो. तो हे किरण स्वतः शोषून घेतो आणि साखळ्यांना वाचवतो. पण किती दिवस? परभणीचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पाण्याखालचा कागद त्या मानाने सुखात असतो. हाल होतात ते काठावरच्या कागदाचे. पाणी उतरलं की तो उघडा पडतो, दिवसभर तापतो, रात्री निवतो, वाऱ्याने फडफडतो. त्यावरून पाइप ओढतात, जाळं ओढतात, शेळ्याही उतरतात. आधी बारीक भेगा, मग तुकडे, मग तुकड्यांचे तुकडे.

5 मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातले रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी किनाऱ्यावरची वाळू आणि समुद्रातला गाळ तपासत होते. त्यांना त्यात प्लास्टिकचे अगदी बारीक कण आणि धागे सापडले. 2004 साली त्यांनी ते जगासमोर मांडलं आणि तेव्हापासून हे नाव सगळ्यांच्या तोंडी झालं.

आता पुन्हा हिशोब, आणि हा माझा आवडता. 5 मिलिमीटर बाजूचा प्लास्टिकचा एक ठोकळा घ्या. त्याचे 0.1 मिलिमीटरचे तुकडे केले तर किती होतील? एका बाजूला 50. मग 50 गुणिले 50 गुणिले 50. सव्वा लाख! प्लास्टिक तेवढंच, वजनही तेवढंच. पण पाण्याला लागणारा पृष्ठभाग पन्नासपट वाढला. आणि सगळी गडबड पृष्ठभागावरच होते. प्लास्टिकमध्ये मिसळलेली रसायनं तिथूनच पाण्यात उतरतात. कापसावर मारलेल्या काही कीटकनाशकांसारखी, पाण्यात नीट न विरघळणारी रसायनं तिथेच येऊन चिकटतात. जिवाणू आणि शेवाळ तिथेच घर करतात.

कागदाइतकीच जाळ्यांची गोष्ट आहे. पूर्वी जाळी सुताची असायची, दोर अंबाडीचे. पाण्यात राहिले की कुजायचे, म्हणून वापरून झाल्यावर ते वाळवावे लागत. मग नायलॉन आलं. 1935 साली अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत ते जन्मलं. हलकं, मजबूत, न कुजणारं. भोयांचं केवढं काम वाचलं! तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या पारदर्शक एकेरी धाग्याचं जाळं तर पाण्यात दिसतही नाही. पण ते काठावर घासलं जातं, दगडाला अडकतं, उन्हात वाळतं, आणि दर वेळी त्याचे केसाहून बारीक तंतू सुटतात. मोठ्या धरणांत पिंजरे बांधून मासे वाढवतात, तिथे तर जाळं महिनोन्महिने पाण्यातच असतं. पुणे जिल्ह्यातल्या डिंभे धरणात आदिवासी मच्छीमारांनी असे पिंजरे लावून मासे वाढवले आहेत. अशा पिंजऱ्याला जाळं हवं, दोर हवेत आणि सगळं वर धरून ठेवायला पोकळ पिंप किंवा तरंगते ठोकळे हवेत.

हे ठोकळे थर्माकोलचे असले तर मात्र पंचाईत. दक्षिण कोरियात कालवं आणि समुद्रशेवाळ वाढवणारे लोक वर्षानुवर्षं थर्माकोलचे ठोकळे वापरत आले. तिथल्या किनाऱ्यांवर पांढऱ्या दाण्यांचे ढीग साचू लागले. शेवटी 2022 पासून तिथल्या सरकारने मत्स्यशेतीत नवे थर्माकोलचे ठोकळे लावायला टप्प्याटप्प्याने बंदी घातली. थर्माकोल फोडणारे कोण कोण असतात ऐका. ऊन आणि लाटा तर आहेतच. पण ओल्या कुंडीखाली अंगाचा गोळा करून बसणारे राखाडी जीव असतात ना, त्यांचे काही समुद्री भाऊबंद थर्माकोलमध्ये बोगदे खणून राहतात! ते खात नाहीत थर्माकोल, फक्त घर करतात. खणलेला चुरा बाहेर ढकलतात आणि तो चालला पाण्यात. टिमोथी डेव्हिडसन या शास्त्रज्ञाने 2012 साली दाखवलं, की एकेक जीव असे हजारो कण तयार करतो. बिचाऱ्याला काय माहीत! आपल्या येलदरी धरणात हे समुद्री जीव नाहीत, पण थर्माकोल फोडायला आपलं ऊन पुरेसं आहे.

नॉर्वेत वेगळीच तऱ्हा. तिथे सामन माशांच्या पिंजऱ्यांत खाद्य टाकायला प्लास्टिकच्या लांबलचक नळ्या असतात. हवेच्या झोताने कडक गोळ्या त्यातून सुसाट पळवतात. गोळ्या नळीला आतून घासत जातात आणि खाद्यासोबत नळीचा कीसही माशांच्या ताटात!

आपल्या तळ्यात प्लास्टिकचा चुरा नेमका कुणाच्या तोंडाशी जातो? शेततळं तीन मजली इमारतीसारखं असतं. कटला राहतो वरच्या मजल्यावर. त्याचं तोंड वर वळलेलं असतं आणि पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म प्राणी तो गाळून खातो. रोहू मधल्या मजल्यावर. मृगळ तळमजल्यावर, तोंड खाली, गाळात पडलेलं चिवडून खाणारा. तिघं एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत, म्हणून तर तिघांना एकत्र सोडतात. पण प्लास्टिकचेही मजले असतात! तळ्याच्या कागदाचं प्लास्टिक पाण्यापेक्षा किंचित हलकं. त्याचा चुरा वर तरंगतो. थर्माकोल तर तरंगणारच. नायलॉन पाण्यापेक्षा जड, त्याचे तंतू हळूहळू तळाशी जातात. शिवाय तरंगणाऱ्या कणावर शेवाळ चढलं की तोही जड होऊन मजले उतरू लागतो. म्हणजे कटला असो, रोहू असो की मृगळ, जेवणाच्या वाटेत प्रत्येकाला काही ना काही भेटू शकतं.

आणि माशाच्याही आधी भेटतं ते डाफ्नियासारख्या जिवांना. डाफ्निया म्हणजे पाण्यातली पिसू, टाचणीच्या डोक्याएवढी, पारदर्शक, उड्या मारत पोहणारी. ती पाणी गाळून जेवते, आणि गाळताना हिरवं शेवाळ कुठलं नि प्लास्टिक कुठलं हे तिला कळत नाही. प्रयोगशाळेत तिला रंगीत प्लास्टिकचे कण दिले, तर तिच्या काचेसारख्या पोटातून ते सरळ दिसतात. पोट भरलं पण जेवण झालं नाही, अशी तिची गत होते. मग तिची वाढ खुंटते, पिल्लं कमी होतात. अर्थात प्रयोगशाळेत बऱ्याचदा निसर्गात असतात त्यापेक्षा कितीतरी जास्त कण देतात, तेव्हा घाबरून जायचं कारण नाही.

‘मग आता मासे खायचे नाहीत?’ हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असणार. खा की! माशाने गिळलेले बहुतेक कण त्याच्या पोटात, आतड्यांत असतात आणि कटला-रोहू साफ करताना आपण तो भाग काढूनच टाकतो. सुकटीसारखे लहान मासे आपण अख्खे खातो, तिथे गोष्ट थोडी वेगळी. आणि सगळा दोष मत्स्यशेतीच्या माथी मारणंही बरं नाही. गाड्यांचे टायर, आपले पॉलिस्टरचे कपडे, रस्त्यावरच्या पिशव्या यांचा चुरा कितीतरी मोठा आहे. 2022 साली नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांना माणसाच्या रक्तातही प्लास्टिकचे कण सापडले. त्याने शरीराचं काय होतं, यावर अजून काम चालू आहे.

तळ्यातला चुरा तळ्यातच राहतो असंही नाही. जोराचा पाऊस झाला, तळं सांडलं, की तो ओढ्याला लागतो. जिंतूरकडचं पाणी शेवटी पूर्णा नदीला जातं. पूर्णा पुढे गोदावरीला मिळते, गोदावरी नांदेडवरून तेलंगणात, आंध्रात आणि मग थेट बंगालच्या उपसागरात. वाटेत बंधारे आणि धरणं आहेत, त्यांच्या गाळात बरंच काही बसून राहतं. तरी विचार करा, बोरीच्या रानातला कण आणि समुद्राची सफर!

मग शेतकऱ्याने कागद फेकून द्यायचा का? मला नाही तसं वाटत. मराठवाड्यात पाणी वाचवणाऱ्या वस्तूला नावं ठेवायला माझी तरी जीभ रेटत नाही. पण काठावरचा उघडा कागद मातीने झाकता येतो, म्हणजे ऊन लागत नाही. फाटलेला भाग वेळीच सांधता येतो. जाळं दुरुस्त करताना कापलेले तंगुसाचे तुकडे तिथेच न टाकता डब्यात गोळा करता येतात. जुना कागद मात्र बांधावर जाळू नये. त्याचा धूर विषारी असतो आणि न जळालेला भाग पुन्हा चुराच होतो.

आता एक प्रयोग. काचेच्या ग्लासात पाणी घ्या. त्यात बाटलीच्या झाकणाचा एक छोटा तुकडा, बाटलीच्याच अंगाचा एक तुकडा आणि तंगुसाचा एक तुकडा टाका. कापायला मोठ्या माणसाची मदत घ्या. तंगूस वरच अडकलं तर चमच्याने बुडवा. झाकण तरंगेल, बाकीचे दोन बुडतील. आता त्यात चार मोठे चमचे मीठ घालून विरघळेपर्यंत ढवळा. थोडा वेळ थांबा. तंगूस वर येतं! मिठाने पाणी जड झालं, नायलॉन त्याच्यापुढे हलकं ठरलं. बाटलीचा तुकडा मात्र हट्टाने तळाशीच. शास्त्रज्ञ गाळातून प्लास्टिक वेगळं काढतात ते याच युक्तीने, फक्त त्यांच्याकडे मिठापेक्षा जड पाणी करणारे क्षारही असतात. खारं पाणी झाडाच्या बुडाशी ओतू नका हं, झाड मरेल.

माशाच्या पोटातले कण शोधायचे, तर शास्त्रज्ञ आतडी एका तीव्र अल्कलीच्या द्रावणात ठेवतात. मांस विरघळतं, प्लास्टिक बहुधा तसंच राहतं. मग ते गाळायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. यात त्यांची सगळ्यात मोठी डोकेदुखी कुठली माहितीये? त्यांचे स्वतःचे कपडे! टेरिकॉटच्या शर्टाचा एखादा धागा उडून बशीत पडला, की तो माशाच्या नावावर जमा. म्हणून ते सुती अंगरखा घालतात आणि शेजारी एक रिकामी बशी उघडी ठेवतात. काम संपलं की त्या रिकाम्या बशीत पडलेले धागे मोजायचे आणि माशाच्या हिशोबातून तेवढे वजा करायचे.